पावसाची वही ठेवणारी मुले

अहिल्यानगर शहर, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही नगरच, मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच वेळात उघडे माळ सुरू होतात. जमीन हलकी. हातभर खणले की मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. आभाळात ढग दिसतात, पण दारावरून पुढे निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखे. सह्याद्रीच्या माथ्यावर जो पाऊस हजारो मिलिमीटर कोसळतो, तोच घाट ओलांडून इकडे येईपर्यंत रिता झालेला असतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. इथे वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर माणसे साल बरे गेले म्हणतात.

या मुलखात गेल्या कार्तिकात आमचे दोन दिवस जाणे झाले. निमित्त शाळेचे होते. हवामान बदलते आहे हे आता रेडिओ सांगतो, टीव्ही सांगतो, मोबाइलवरही रोज येते. उत्तर ध्रुवाचे बर्फ वितळते आहे हे आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. पण आपल्या गावच्या शिवारात काय बदलले, आपल्या विहिरीचे पाणी कुठे गेले, आणि उद्या पाऊस फिरला तर गाव कशाच्या आधारावर उभे राहील, हे त्यांना कोण सांगणार? आठवी ते दहावीची मुले हे स्वतःच मोजून शिकू शकतात, असे कानावर आले होते. ते पाहावे म्हणून निघालो.

पहिला मुक्काम अर्थात हिवरे बाजारला. नगरपासून हे गाव सुमारे १७ किलोमीटरवर आहे. गावाच्या भोवती डोंगर आहेत, आणि आज त्या डोंगरांवर झाडी आहे. उतारावर आडवे सलग समतल चर खोदलेले दिसतात. जागोजागी मातीचे बांध, नाल्यावर बंधारे. कार्तिकातल्या उन्हातही गवत हिरवे होते. रस्ते झाडलेले, घरे रंगवलेली, आणि चावडीजवळ कोणी रिकामा बसलेला नाही.

हे गाव पूर्वी असे नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने हे गाव मोडून पडले होते. डोंगरावरची झाडे सरपणाला गेली, माती पावसाबरोबर वाहून गेली, विहिरी आटल्या. माणसे मजुरीसाठी गाव सोडून जाऊ लागली. मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे वाढली. १९८९ साली गावातल्या तरुणांनी एम. कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना सरपंच केले. तेथून गावाने पाऊल फिरवले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे नियम ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, असेही ठरले. १९९० नंतरच्या दशकात आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे झाली. १९९५ च्या पाहणीत १८० पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती; आज हे गाव पाहायला देशभरातून लोक येतात. २००७ साली गावाला राष्ट्रीय जलपुरस्कार मिळाला, आणि २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

ही कहाणी अनेकदा छापून आली आहे. डोंगर, चर, बंधारे यांचे फोटोही सर्वांनी पाहिलेत. पण ज्या गोष्टीचा फोटो निघत नाही ती आम्हाला महत्त्वाची वाटली. ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. २००४ पासून हे गाव दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडते. गावात पर्जन्यमापक आहेत. निवडक विहिरींची पातळी मोजली जाते. पावसाळा सरला की किती पाणी आले, किती जमिनीत मुरले, ते ग्रामसभेपुढे ठेवायचे. आधी माणसांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग जनावरांचे. उरले त्यातून पिके ठरवायची आणि काही पुढच्या सालासाठी जमिनीतच राखायचे. पाऊस कमी, तर रब्बीचा पेराही कमी. ज्याच्या घरात जमाखर्चाची वही आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पण सगळ्या गावाने मिळून एक वही ठेवायची आणि तिच्यापुढे मान तुकवायची, हे सोपे नाही.

हीच वही शाळेत आणली तर? हिवरे बाजारचे पाहून आपल्या वर्गात तसा प्रयोग करणाऱ्या एका शिक्षकांची गाठ पडली. त्यांची माध्यमिक शाळा याच भागातल्या दुसऱ्या एका गावात आहे. गावाचे आणि आपले नाव छापू नका, असे ते म्हणाले, कारण “अजून आमचं काम अर्धंच आहे. नाव झालं की पोरं मोजायची सोडून फोटोला उभी राहतील.” दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी गेलो.

साडेआठची नोंद

शाळा साधी. पत्र्याच्या चार खोल्या, पुढे कडुनिंबाची दोन झाडे, आणि झाडांपासून चांगली लांब, मोकळ्यावर, कुंपण घातलेली एक हातभर जागा. तिच्यात पर्जन्यमापक. पावसाळ्यात दररोज सकाळी बरोबर साडेआठला नववीतली दोन मुले येतात, पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. रविवार असो की पोळा, नोंद चुकत नाही. साडेआठच का, असे आम्ही विचारले. एक मुलगा म्हणाला, “हवामान खातं साडेआठलाच मोजतं. आपण नवाला मोजलं तर त्यांच्याशी आपला आकडा जुळायचा नाही.”

वही चाळली. तारीख, पाऊस, वाऱ्याची दिशा, आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. त्यात मुलांच्या अक्षरात: ‘मूग फुलात’, ‘ओढ्याला पहिले पाणी’, ‘सतरा दिवस उघडीप, कपाशी सुकली’, ‘एका रात्रीत सगळा, बांध फुटला’. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरायचा, हा हवामान खात्याचा नियम. असे दिवस मुलांनी लाल शाईने गोल केले होते.

सर म्हणाले, “मुलांना वर्षाची बेरीज महत्त्वाची वाटते. मी म्हणतो, आधी लाल गोल मोजा. चारशे मिलिमीटर पाऊस चाळीस दिवसांत पडला तर तो शेतात मुरतो. तोच वीस दिवसांत पडला तर अर्धा ओढ्याने जातो, आणि जाताना माती घेऊन जातो.”

सरांचे हे बोलणे शास्त्रज्ञांच्या आकड्यांशी जुळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यात दिसले. पश्चिमेकडून येणारे वारे अरबी समुद्रावरून जास्त बाष्प घेऊन येतात आणि ते एकदम ओतून मोकळे होतात, असे त्याचे कारण. सरकारच्याच २०२० च्या अहवालाप्रमाणे १९५१ ते २०१५ या काळात देशाचा एकूण मोसमी पाऊस मात्र सुमारे सहा टक्क्यांनी घटला. म्हणजे बेरीज थोडी कमी, पण पडण्याची तऱ्हा पार बदललेली. मोठी उघडीप आणि मग एकदम धिंगाणा. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, तो भोगतोच आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट, २०१५-१६ चा दुष्काळ आणि त्यात लातूरला रेल्वेने न्यावे लागलेले पाणी, हे कोण विसरेल? पण भोगणे वेगळे आणि आपल्या शिवाराची नोंद हाताशी असणे वेगळे.

विहीर आणि भूमितीचा तास

दुपारी मुलांबरोबर विहिरीवर गेलो. एका दोरीला वजन बांधलेले, दोरीवर दर मीटरला रंगाची खूण. काठापासून पाणी किती खोल ते मोजायचे, वहीत लिहायचे. गावातल्या सहा विहिरी मुलांनी निवडल्या आहेत: दोन ओढ्याकाठच्या, दोन मधल्या पट्टीतल्या, दोन माळावरच्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोजणी. काठावर मुलींनी आणि मुलांनी कुठे उभे राहायचे याची सरांनी चुन्याची रेघ ओढली होती. तिच्या आत कोणी पाऊल टाकत नव्हते. दोरी सोडायचे काम मोठ्या माणसाचे.

मग तिथेच हिशेब. सात मीटर व्यासाची विहीर, चार मीटर पाणी. त्रिज्या साडेतीन. साडेतीन गुणिले साडेतीन, गुणिले बावीस भागिले सात, म्हणजे साडेअडतीस. गुणिले चार, एकशे चौपन्न घनमीटर. म्हणजे १ लाख ५४ हजार लिटर. दंडगोलाचे घनफळ मुलांनी पुस्तकातल्या पिंपावर शिकलेले असते. इथे तेच सूत्र आपल्याच विहिरीला लावले, तेव्हा मागे उभा असलेला विहिरीचा मालकही बोटांवर मोजू लागला.

नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत आला आहे. पुस्तक चांगले आहे. पण पुस्तकात पाणी निळ्या रंगाचे असते, आणि या मुलांच्या वहीत ते मीटरमध्ये खाली जाते. सरांच्या मते फरक तेवढाच आहे आणि तेवढाच पुरेसा आहे.

फळ्यावरचे गणित

परत आल्यावर सरांनी फळ्यावर एक गणित घातले. आकडे गोल घेतले, म्हणजे कोणालाही तोंडी करता यावे. वाचकांनीही करून पाहावे.

समजा गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. तर सगळ्या गावावर एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी लिटर! वाईट सालात २०० मिलिमीटर पडला, तर २०० कोटी लिटर. ऐकायला केवढे वाटते. पण बरेचसे वाफ होते, बरेचसे खरिपाचे पीक पिते, काही वाहून जाते. पाषाणाच्या मुलखात दहावा हिस्सा जमिनीत मुरला तरी पुष्कळ. म्हणजे विहिरींच्या वाट्याला २० कोटी.

आता खर्च. दीड हजार माणसे, दरडोई दिवसाला ५५ लिटर: वर्षाला सुमारे ३ कोटी. आठशे मोठी जनावरे, दर जनावरामागे ५० लिटर: सुमारे दीड कोटी. साडेचार कोटी गेले. उरले साडेपंधरा.

एक एकर उसाला, पावसाचा वाटा सोडून, विहिरीतून अंदाजे ६५ लाख लिटर पाणी द्यावे लागते. गावात वीस एकर ऊस असला तर १३ कोटी. मागे उरले अडीच कोटी. रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला दोन पाणी द्यायचे तर एकरी सुमारे ५ लाख लिटर लागतात. अडीच कोटीत पन्नास एकर भिजते. ऊस नसता तर? साडेपंधरा कोटीत तीनशे दहा एकर.

वर्ग शांत झाला. फळ्याजवळ खडू घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, “म्हणजे वीस एकर उसापायी दोनशे साठ एकर रब्बी कोरडी राहती.” मग जरा थांबून, “सर, दीड एकर ऊस आमच्याच घरी आहे.”

कोणी हसले नाही. ती म्हणाली, “घरी जाऊन आप्पांना सांगू का?”

सरांचे उत्तर आम्ही तसेच्या तसे देतो. “सांगू नको बाळ, विचार. आकडा वहीत आहे, तो त्यांना दाखव. त्यांच्याकडचाही आकडा असेल, तो लिहून आण.”

आप्पांचा आकडा

संध्याकाळी आम्ही मुद्दाम तिच्या वडिलांना भेटलो. ओट्यावर कांबळे टाकून त्यांनी बसवले, चहा आला. गृहस्थ विचारी होते. रागावले नाहीत.

“पोरगी खरं बोलती,” ते म्हणाले. “पण माझं बी ऐका. उसाला कारखाना आहे, दर ठरलेला आहे. उशिरा का होईना, पैसा येतो. हरभरा काढला की व्यापारी म्हणेल तो भाव. सोसायटीचं कर्ज हरभऱ्यावर फिटत नाही. पाणी जास्त लागतं ते मला कळत नाही का? पण माझ्या एकट्याच्या दीड एकरानं गावाची विहीर भरणार आहे का? शेजारचा लावणार, मी का सोडू?”

या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. हवामानाचे शिक्षण शाळेच्या फाटकापाशी अडते ते इथेच. एकट्याने सोडले तर एकटाच बुडतो. सगळ्यांनी मिळून ठरवले तर सगळे तरतात. ते ठरवायला जागा हवी, आणि ती जागा ग्रामसभा. सरांनी तेच केले. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत मुलांना दहा मिनिटे मागून घेतली. मुलांनी कोणालाही उपदेश केला नाही. पाऊस किती, लाल दिवस किती, सहा विहिरींचे पाणी किती, हे वाचले आणि खाली बसली.

उसाबद्दल ठराव झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुष्कळ गलका झाला. पण दोन गोष्टी ठरल्या. मुलांचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचे. आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेऊ द्यायचे नाही. हा काही नवा शोध नव्हता. तसा कायदा राज्यात १९९३ पासून आहे. गावात तो कोणी पाहिला नव्हता, आणि ५०० मीटर म्हणजे कोठपर्यंत हे कोणी मोजले नव्हते. मुलांनी टेप लावून मोजले आणि दगडांना चुना फासला. आप्पांनीही खोडवा मोडून अर्धा एकर हरभऱ्याला द्यायचे ठरवले होते. बाकीचा एकर उसाचाच. “पुढचं पुढं बघू,” म्हणाले.

बहात्तरची कणगी

मुलांच्या वहीत आणखी एक भाग आहे, तो आम्हाला सगळ्यांत आवडला. त्याचे नाव ‘आजीला विचारले’. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला दुष्काळाचे दिवस विचारायचे आणि त्यांच्याच शब्दांत लिहायचे.

बहात्तरच्या आठवणी बहुतेकांच्या सारख्या. परदेशातून आलेला लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, उन्हात खडी फोडणारे हात. गावातला पाझर तलाव त्याच दुष्काळी कामावर झाला, हे कित्येक मुलांना या वहीमुळे कळले. रोजगार हमी त्या दुष्काळातच उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे त्यांनी पुस्तकात वाचले होते. पण ज्या तलावात आपण पोहतो तो आपल्या आजीने पाट्या वाहून बांधला, हे पुस्तकात कुठून असणार?

एका आजीचे बोलणे असे लिहिले होते: ‘पोरं भुकेनं रडायची. पर पेरणीच्या बियाच्या कणगीला म्या हात लावला नाही. शेजारणीकडं बी सरलं व्हतं, तिला त्यातलं दोन पायली दिलं. पाऊस आला तवा दोघींचं रान एका दिवशी पेरलं.’

संकटात टिकून राहण्याची ताकद कशाला म्हणायचे, याची याहून चांगली व्याख्या आम्ही कुठे वाचलेली नाही. साठवण, संयम आणि शेजाऱ्याचा वाटा. या तीनही गोष्टी त्या कणगीत होत्या. पाण्याचा ताळेबंद म्हणजे दुसरे काय? बियाची कणगी तशी पाण्याची कणगी. फक्त ती जमिनीखाली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजावी लागते.

तुमच्या गावात

याला फार पैसा लागत नाही. पर्जन्यमापक विकत मिळतो. तो नसेल तर वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचे सरळ भांडे आणि एक मोजपट्टी चालते. भांडे झाडापासून, भिंतीपासून लांब, मोकळ्यावर, जमिनीपासून फूटभर उंच, हलणार नाही असे बसवावे. रोज सकाळी साडेआठला मोजून रिते करावे. विहिरीसाठी खुणांची दोरी आणि एक जबाबदार मोठे माणूस. आणि एक जाड वही, जी दहावीची मुले जाताना नववीच्या हाती देतील. एका वर्षाच्या नोंदीने फारसे कळत नाही. दहा वर्षांच्या नोंदी गावाला बोलायला लावतात.

शाळा समितीत तुम्ही असाल तर हा विषय काढा. शिक्षक तयार असतील तर त्यांना तुमची विहीर मोजू द्या. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन घरी आली आणि आकडा तुमच्याच पिकाविरुद्ध बोलू लागला, तर रागावू नका. तुमचाही आकडा सांगा, दर, कर्ज, व्यापारी, सगळे. तिला तेही कळले पाहिजे. मग दोन्ही आकडे घेऊन बाप-लेकीने ग्रामसभेत शेजारी बसावे.

मृग निघण्याआधी भांडे बसवून झाले पाहिजे. पहिल्या सरीची नोंद हुकली की ते साल वहीत अर्धेच राहते.